लोहव्याळ बसून राहतो

शालनबाई ढग्यांना गेमचं वेड लागलं ते गुडघ्यांमुळे. दोन्ही गुडघे बदलल्यावर डॉक्टरांनी त्यांना दीड महिना खाटेला बांधून घातलं. जन्मात कधी दुपारी पाठ न टेकलेल्या या बाईने मग व्यायाम घ्यायला येणाऱ्या पोरीकडून फोनवर ‘शंभर रक्कस’ टाकून घेतलं. गुडघे बरे झाले, वेड तेवढं राहिलं. नांदेडच्या पोलीस वसाहतीत बावन्न वर्षांची बाई भाजी चिरता चिरता रक्कस पकडते म्हटल्यावर शेजारणींना महिनाभर दुसरा विषय नको होता. शालनबाईंनी त्यांना भीक घातली नाही.

खेळ तसा सोपा. शंभर जातींचे रक्कस, म्हणजे राक्षसी प्राणी. ते शोधायचे, पकडायचे, पाळायचे आणि दुसऱ्यांच्या रक्कसांशी झुंजवायचे. त्यातला सर्वांत दुर्मीळ म्हणजे लोहव्याळ. जुन्या देवळांच्या खांबांवर व्याळ कोरलेला असतो, तसं सिंहाचं अंग आणि घोरपडीची शेपूट, पण सगळं पोलादी. मानेला कड्या, पाठीवर निळ्या पत्र्यांचे पंख, छातीत पेटती भट्टी. सात आठवडे जागरणं आणि करपलेल्या पोळ्या खर्ची घातल्यावर एका सकाळी तो शालनबाईंच्या हाती लागला, आणि हाती लागल्या लागल्या खाली बसला.

“अहो, बघा की,” त्या म्हणाल्या. “एवढा जिवाचा आटापिटा करून धरला, आन् हे ध्यान बसूनच राह्यलंय. झुंजीत घातला तरी बसतोय, मार खातोय, पुन्हा बसतोय.”

हवालदार मुंजाजी ढगे ड्युटीवर निघाले होते. एका पायात बूट, एक हातात. बायकोच्या गेमकडे ते सहसा बघत नसत, कारण बघितलं की अर्धा तास जायचा. आज बघितलं आणि हातातला बूट हातातच राहिला.

लोहव्याळ बसला होता तो मागचा उजवा पाय सरळ बाहेर काढून. नाक समोर एका जागी रोखलेलं, आणि डोळे मात्र डाव्या खांद्यावरून मागे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

“शालन,” मुंजाजी म्हणाले, “हा बारक्या हाय.”

बारक्या म्हणजे जिल्ह्याच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्राडोर. कागदोपत्री नाव बार्नी. पण पथकात पहिल्या दिवशी आला तेव्हा तो पावशेर मांजरासारखा दिसत होता, म्हणून बारक्या. पुढे बत्तीस किलोचा झाला तरी नाव बदललं नाही. नऊ वर्षं मुंजाजी आणि बारक्या स्टेशन, बसस्टँड, सभांची मैदानं हुंगत फिरले. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला भुंकायची, पंजा मारायची मुभा नसते. आवाजाने किंवा धक्क्याने काय होईल सांगता येत नाही. सापडलं की त्याने गुपचूप बसायचं, नाक त्या जागेवर धरायचं आणि आपल्या माणसाकडे बघायचं. माणूस ‘शाब्बास’ म्हणाला की काम संपलं. बारक्याचा उजवा पाय रेल्वेच्या यार्डात पत्र्याने कापला होता. तो दुमडत नसे, म्हणून बसताना बाहेर राही.

नऊ वर्षांत बारक्या एकदाही खोटा बसला नव्हता. मुंजाजींना स्वतःच्या सख्ख्या भावावरही एवढा भरवसा नव्हता, आणि ते तसं भावाच्या तोंडावर सांगत.

मुंजाजींनी फोन ओढून घेतला आणि तोंडाशी धरून मोठ्याने म्हणाले, “शाब्बास, बारक्या! शाब्बास!”

लोहव्याळ जागचा हलला नाही. शालनबाई हळूच म्हणाल्या, “अहो, त्याला कान नाहीत. यात सगळं बोटानंच सांगावं लागतं.”

बारक्याला पोटात गाठ झाली ती दोन वर्षांपूर्वी, दोन हजार एकोणचाळीस साली. महिनाही काढणार नाही, असं निदान होतं. तेवढ्यात एक संशोधन संस्था पुढे आली. काम केलेल्या कुत्र्याचा मेंदू आम्हाला द्या, त्याची नोंद कायमची राहील, त्याच्यापासून शिकता येईल. खाली सही. मुंजाजींनी सही केली. मातीत जाण्यापेक्षा काहीतरी मागे राहिलेलं बरं, असं त्यांना वाटलं, आणि त्या परिस्थितीत ते कुणालाही वाटलं असतं.

कुत्र्याच्या मेंदूत अब्जावधी पेशी असतात आणि त्यांच्यात अब्जांच्या पटीत जोड. ते सगळे जोड मोजून नकाशा काढता येतो, पण नुसता नकाशा मुका असतो. गावातले सगळे रस्ते ठाऊक असले तरी बाजार कुठे भरतो ते कळत नाही. त्यासाठी माणसं चालताना बघावी लागतात. म्हणून त्या संस्थेने बारक्याच्या डोक्यावर जाळीदार टोपी बसवली आणि त्याला काम करायला लावलं. तो हुंगत असताना मेंदूत कुठून कुठे काय धावतं ते टिपलं. मग इंजेक्शन. मग मेंदू गोठवून, कागदाहून पातळ काप काढून, जोडांचा नकाशा. दोन्ही एकमेकांवर ठेवले की संगणकात जो मेंदू चालू होतो, तो शेवटच्या क्षणापासून पुढे चालू होतो. झोपेतून उठल्यासारखा नाही, पापणी लवून उघडल्यासारखा.

आणि त्या शेवटच्या क्षणी मुंजाजींनी एक चूक केली होती. ती त्यांच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकते.

कुत्रं हाताळणाऱ्यांची एक रीत असते. दिवसभर शोधून काहीच मिळालं नाही, तर घरी जाण्याआधी आपणच स्फोटकाच्या नमुन्याची एक डबी कुठेतरी दडवायची आणि कुत्र्याला सापडू द्यायची. रिकाम्या नाकाने त्याला झोपवायचं नाही. त्या दिवशी संस्थेच्या लोकांनी मांडलेल्या सगळ्या बाटल्या साध्या वासाच्या होत्या. मुंजाजींना ते बघवलं नाही. आयुष्यातला शेवटचा शोध आणि तोही फुकट? त्यांनी नमुन्याची डबी स्वतःच्या खिशात ठेवली होती. बारक्या सगळ्या बाटल्या हुंगून आला, मुंजाजींच्या मांडीशी थबकला आणि बसला. पाय बाहेर, नाक खिशावर, डोळे वर. मुंजाजी ‘शाब्बास’ म्हणायला खाली वाकले. डॉक्टरांना वाटलं कुत्रं थकून बसलं. त्यांनी इंजेक्शन दिलं. शब्द तोंडातच राहिला.

दोन वर्षं मुंजाजी स्वतःला समजावत आले होते की जाऊ दे, त्याला कुठे कळलं असेल. आता कळलं की तो अजून बसलेलाच आहे.

शालनबाईंनी गेमवाल्या कंपनीला भलं मोठं पत्र लिहिलं. ‘तुमचा व्याळ बिघडलेला नाही, तो आमचा कुत्रा आहे,’ ही त्याची सुरुवात. मुंजाजींना वाटलं, वेडी म्हणून सोडून देतील. तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला: नाशिकला येता का?

“जा,” शालनबाई म्हणाल्या. “तेवढा एक शब्द बोला आन् मोकळा करा लेकराला.”

नाशिकच्या ‘रानभूल स्टुडिओ’त मुंजाजींना चहा दिला तो श्रावणी कुंटे नावाच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने. रक्कसांचे मेंदू सांभाळणं हे तिचं काम. मुंजाजींनी सगळं सांगितलं. फक्त शब्द कोणता ते सांगायचं राहून गेलं. ती ऐकता ऐकता दोनदा खिडकीबाहेर बघून आली.

“त्या संस्थेकडून मेंदू घेतला तेव्हा आम्हाला कागदावर एवढंच आलं होतं काका, श्वान, नर, प्रशिक्षित,” ती म्हणाली. “बसणं म्हणजे सापडणं हे कुणाला माहीतच नव्हतं. आम्ही त्याला बिघाड म्हणत होतो.”

“असे किती हायत?”

“चार लाख. जितके खेळाडूंकडे लोहव्याळ, तितक्या नकला. प्रत्येक नक्कल त्याच क्षणापासून सुरू होते.”

मुंजाजींनी कप खाली ठेवला. चार लाख बारक्या, चार लाख ठिकाणी, पाय बाहेर काढून. “झुंजीत त्याला लागतं का वो?”

श्रावणीने त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला. “दुखणं ठेवावं लागतं,” ती म्हणाली. “चटका बसला नाही तर हात मागे घ्यायला कोण शिकेल? दुखणं काढून बघितलं होतं आम्ही. मग तो काहीच शिकत नाही.”

तेवढ्यात तिचे साहेब निहार सबनीस आत आले. लोहव्याळ ही यांची कल्पना. माणूस वाईट नव्हता. आपल्या कामावर खूश असलेला, टाळी देऊन बोलणारा, समोरच्यालाही खूश करू पाहणारा होता. असल्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड जातं.

“काका, तुम्ही आमचा प्रश्नच सोडवलात! संगणकाच्या नुसत्या हिशेबाने चालणारे रक्कस आठवड्यात कंटाळवाणे होतात. पण हा? याच्यात निष्ठा आहे! फक्त अडकून बसलाय. आज आपण त्याला कान जोडलेत. तुमच्या आवाजात शाबासकी मिळाली की तो सुटेल, आणि पुढच्या आवृत्तीत तीच शाबासकी खेळाडूच्या बोटाखाली. जिंकलास, शाबासकी! चार लाख लोहव्याळ तुमच्या एका शब्दावर उठतील.”

“आन् उठून?”

“लढतील! तो शब्द पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून पाय तुटला तरी लढतील. कुत्र्याची जातच तशी.”

“झोपतो कधी त्यो?”

“कोण, लोहव्याळ?” निहार हसले. “त्याला झोप लागत नाही काका. तीच तर मजा आहे.”

मुंजाजींनी खुर्ची पुढे ओढली. मग विचारलं, “आन् माझा आवाज त्यानं वळखलाच नाही तर?”

निहारचा चेहरा पहिल्यांदा जरा उतरला. “मग नाइलाज आहे. शुक्रवारी सकाळी दहाला हा मेंदू काढायचा आणि जुना हिशेबी बसवायचा. परवाना कामाच्या मेंदूचा आहे. काम नसेल तर मूळ प्रतीसकट सगळं पुसावं लागतं. कायदाच आहे तसा. पण तशी वेळ नाही येणार, ओळखेल तो!”

ते तयारी बघायला गेले. मुंजाजी तिथेच बसून राहिले. नांदेडहून निघताना गोष्ट किती सोपी होती! एक शब्द बोलायचा आणि कुत्रं मोकळं. आता तोच शब्द म्हणजे साखळी होती. बोलला तर बारक्या उठेल आणि कधीच बसू शकणार नाही. शब्द न बोलला तर बारक्या मरेल, पण एकदाचा मरेल. नऊ वर्षं ज्याच्या नाकावर स्वतःचा जीव सोपवला, त्याच्यासाठी एवढा एकच निवाडा करायचा होता, आणि तो आपल्यालाच करायचा आहे याचा त्यांना मनापासून राग आला.

चाचणीच्या खोलीत एक अख्खी भिंत म्हणजे पडदा होता. पडद्यावर पत्र्याचं रिकामं मैदान, मध्यभागी लोहव्याळ. फोनवर तो मांजराएवढा दिसे. इथे हत्तीएवढा होता. बाजूला श्रावणीसमोर छोट्या पडद्यावर त्याच्या मेंदूची रेघ हलत होती. मुंजाजींच्या समोर माइक.

“नेहमी जसं बोलायचात तसंच बोला,” निहार म्हणाले.

मुंजाजींनी परेडच्या मैदानावर काढतात तसा कोरडा, चढा आवाज काढला. “बार्नी!”

या नावाने त्यांनी त्याला नऊ वर्षांत कधी हाक मारली नव्हती. पण आवाज कितीही बदलला तरी माणूस तोच असतो. लोहव्याळाच्या मानेतल्या कड्या खटकन फिरल्या. तो उठला. नाक खाली घालून मैदानाच्या कडेकडेने हुंगत निघाला, घाई न करता, एकही कोपरा न सोडता. मुंजाजींनीच शिकवलं होतं ते. भिंतीपर्यंत आला, हाक आली होती बरोबर तिथे, मुंजाजींसमोर थांबला, आणि बसला. पाय बाहेर.

श्रावणीसमोरची रेघ सरळ वर चढली.

“ओळखलं!” निहारनी टाळी वाजवली.

“दोन महिने बहिरा होता सर,” श्रावणी मान न वळवता म्हणाली. “पहिलाच आवाज ऐकतोय. कुणाच्याही आवाजाने एवढी चढेल. शाबासकीवर लढायला उठला तर खरं.”

“बरोबर. द्या काका, शाबासकी द्या.”

लोहव्याळाचे निळे डोळे मुंजाजींवर होते. भट्टीचा उजेड, पोलादाचा जबडा, सगळं परकं. फक्त बघणं ओळखीचं. सापडलं, ते म्हणत होते. हे बघा, सापडलं.

“गुड बॉय,” मुंजाजी म्हणाले.

काही झालं नाही. लोहव्याळ बसून राहिला. निहारनी पुन्हा म्हणायला लावलं, मग प्रेमाने म्हणायला लावलं, मग नावासकट. मुंजाजी सांगितलं तसं म्हणत गेले. मधेच “शाब्बास म्हणून बघता का?” असं कुणी विचारलं असतं तर त्यांचं काय झालं असतं कोण जाणे, पण निहारना वाटलं, हवालदाराला त्याचा शब्द ठाऊक असणारच.

मग लोहव्याळ आपण होऊन उठला आणि मैदान पुन्हा हुंगायला लागला. खोलीत हे कशासाठी ते एका मुंजाजींनाच कळत होतं. नव्या पोरांना शिकवताना ते पहिल्या दिवशी ओरडून सांगत: कुत्रं बरोबर बसलं आणि तुम्ही शाबासकी दिली नाही, तर तुम्ही चुकलात असं त्याला वाटत नाही रे, आपलंच चुकलं असं वाटतं त्याला! मग ते स्वतःच्या नाकाला खोटं ठरवतं. तसलं कुत्रं पुन्हा उभं राहत नाही.

बारक्या दुसऱ्यांदा आला. तिथेच बसला. मुंजाजींनी ओठ दातांखाली धरले. बारक्या पुन्हा उठला, पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात. तिसऱ्यांदा आला, चौथ्यांदा आला. दर वेळी आधीपेक्षा सावकाश, जास्त नीट, जिथे काहीच नव्हतं तिथेही दोनदा नाक लावून. पाचव्यांदा निहारनी घड्याळ बघितलं. सहाव्या वेळी तो दोन पावलं लांब बसला.

सातव्या वेळी तो आला आणि उभाच राहिला. बसू का, असं विचारल्यासारखा मागचा भाग थोडा खाली गेला, पुन्हा वर आला. मग तो बसला, पण मुंजाजींकडे बघितलं नाही. मान खाली घालून पत्र्याकडे बघत राहिला.

नऊ वर्षांत एकदाही खोटा न बसलेल्या कुत्र्याला मुंजाजींनी पाऊण तासात खोटं पाडलं होतं. त्यांना ओरडावंसं वाटत होतं. ते खुर्चीचे दोन्ही हात धरून बसून राहिले.

“नाही,” निहार म्हणाले आणि उठले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “काही उरलेलं नाही याच्यात. श्रावणी, नोंद कर. ओळख नाही.”

“ओळख नाही,” श्रावणी म्हणाली आणि तसं लिहिलं.

फाटकापर्यंत सोडायला ती आली. रिक्षा येईपर्यंत दोघं उभी होती. “काका,” ती एकदम म्हणाली, “खरा शब्द कोणता होता ते मला सांगू नका हं. कधीच.” मुंजाजींनी मान हलवली. पोरीचे डोळे सुजले होते, आणि रेघ इतका वेळ वर होती त्याची नोंद तिने पुसून टाकली असणार हे त्यांना उमगलं. ते तिच्या पाया पडले असते, पण वय आडवं आलं.

घरी शालनबाई दारातच उभ्या होत्या. मुंजाजींनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

“सात वेळा?” त्या म्हणाल्या. “सात वेळा आलं लेकरू, आन् तुमच्या तोंडातनं एक शब्द फुटला नाही?”

“फुटला असता तर जन्मभर झुंजला असता गं. त्याला तर जन्म बी संपायचा नव्हता.”

“ते कळतंय मला,” शालनबाई म्हणाल्या. “कळतंय म्हणूनच बोलायलेय. कळलं नसतं तर बरं झालं असतं.” त्यांनी जेवायला वाढलं. दोघांनीही पानाला हात लावला नाही.

शुक्रवार येईपर्यंत शालनबाईंनी लोहव्याळाला एकदाही झुंजीत घातलं नाही. गेममध्ये रक्कसांसाठी एक कुरण असतं, तिथे त्याला सोडून ठेवला आणि बाकीचे सगळे रक्कस काढून टाकले, उगाच कुणी अंगावर जायला नको. त्यांच्या फोनमधला काही नाशिकच्या त्या मैदानात सात वेळा फिरला नव्हता. तो आपला अजून ताठ मानेने, डाव्या खांद्यावरून मागे बघत बसला होता. तेवढंच त्यातल्या त्यात समाधान. बाकीच्या चार लाखांचं कुणी काय केलं असेल ते दोघं बोलत नव्हती.

शुक्रवारी सकाळी मुंजाजींनी उशिरा येतो म्हणून पथकात कळवलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना ती दोघं खाटेवर बसली, फोन मधे उशीवर टेकवून. शालनबाईंनी पडद्यावरची धूळ पदराने पुसली. मुंजाजी बारक्याकडे बघत होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याला ते दिसतच नव्हते.

दहा वाजता पडदा काळा झाला. एक पांढरं चाक फिरत राहिलं. मग कुरण परत आलं, गवत, आभाळ, आणि लोहव्याळ. क्षणभर तो तसाच बसलेला दिसला. मग त्याने उजवा पाय आत घेतला आणि चारही पायांवर उभा राहिला. पंख फडकावले, मान उंचावून आग ओकली, आणि पुढच्या हुकमासाठी समोर तोंड करून थांबला.

“अहो, उठला! उठला की वो!” शालनबाई आनंदाने ओरडल्या. सात आठवडे खपून धरल्यावर तो उठावा म्हणून त्यांनी काय काय केलं होतं. तोंडातून निघूनच गेलं.

मग त्यांनी मुंजाजींकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला.